आवाज विकत मिळतो का?



संगीत शिकवणारे गुरुजी नादाचे तीन गुण सांगतात : उच्चनीचता, लहानमोठेपणा आणि जाती. एकच षड्ज पेटीवर वाजला काय अन् सनईवर वाजला काय, स्वर तोच. तरी डोळे मिटून आपण वाद्य ओळखतो, ते या जातीमुळे. आवडत्या वादकाचा आवाज आपल्या वाद्यातून निघावा असे ज्या मुलाला वाटते, तो या जातीच्याच मागे लागलेला असतो.

विजेच्या गिटारीच्या बाबतीत हे वेड फार. उदाहरण घेऊ ब्रायन मे यांचे. इंग्लंडच्या ‘क्वीन’ या रॉक वाद्यवृंदाचे ते गिटारवादक. याच वृंदाचे गायक फ्रेडी मर्क्युरी पारशी कुटुंबातले. आपल्या पाचगणीच्या शाळेत ते शिकले. मे यांची गिटार झंकारून थांबत नाही, व्हायोलिनसारखी लांब श्वासाने गाते.

आता गंमत पाहा. चांगली गिटार घेण्याइतके पैसे घरी नव्हते, म्हणून १९६३ साली सोळा वर्षांच्या ब्रायनने वडिलांच्या मदतीने ती घरीच बनवायला घेतली. दोनेक वर्षे काम चालले. दांडीला जुन्या शेकोटीच्या चौकटीचे महोगनी लाकूड, आतल्या स्प्रिंगा जुन्या मोटारसायकलच्या, पट्टीवरच्या खुणांना आईच्या डब्यातली शिंपल्याची बटणे! तारांचे कंपन विजेत उतरवणारे ‘पिकअप’ही आधी घरीच केले. त्यांनी समाधान होईना, तेव्हा मात्र बर्न्स कंपनीचे तीन विकत आणले.

मग हा आवाज येतो कुठून? क्रमाने पाहू. मे तार छेडतात ती इंग्लंडच्या जुन्या सहा पेनीच्या नाण्याने. नाणे वाकत नाही, आणि त्याचा दातेरी काठ तारेवर घासून स्वराच्या आरंभी किंचित खर उमटते. पुढे एक छोटे यंत्र त्यातले वरचे, तीव्र स्वरांश वाढवते. शेवटी येतो व्हॉक्स कंपनीचा ‘एसी-३०’ हा तीस वॅटचा, काचेच्या व्हॉल्व्हचा ध्वनिवर्धक. तो ते पुरेपूर चढवून ठेवतात. व्हॉल्व्हच्या ताकदीला मर्यादा असते. तिच्यापलीकडे लाट ढकलली की तिचा माथा चेपला जातो आणि मूळ स्वरात नसलेले नवे उपस्वर जन्मतात. तानपुऱ्याच्या तारेखाली दोरा सरकवून आपण जवारी काढतो, तेव्हाही उपस्वरच खुलवतो; मार्ग निराळा, एवढेच. गिटारीवरची कळ थोडी उतरवली की तोच आवाज पुन्हा स्वच्छ होतो.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ध्वनिमुद्रिकेत ऐकू येते ती पुष्कळदा एकटी गिटार नसते. मे एकावर एक अनेक थर मुद्रित करतात. घरी एकट्याने वाजवून तसा भरणा येत नाही म्हणून मुलाने खट्टू होण्याचे कारण नाही.

तेव्हा शिक्षकबंधूंनो आणि पालकहो, मुलाने महागड्या यंत्रासाठी हट्ट धरला, तर पैसे मोजण्याआधी त्याला थोडे प्रयोग करू द्या. हाती असलेल्या गिटारीवर दातेरी नाण्याने वाजवू द्या. तार पुलाजवळ छेडली तर काय होते, मधोमध छेडली तर काय, हे कानाने टिपून वहीत लिहू द्या. बोटाने तार ताणून स्वर हलवण्याची मे यांची धाटणी कोणत्याही दुकानात मिळत नाही. ती ऐकून, घोटूनच येते. या तयारीनंतर यंत्र घेतलेच, तर कशासाठी घेतले हे त्याला ठाऊक असेल.

एक इशारा मात्र कळकळीने देतो. व्हॉल्व्हचा जुना ध्वनिवर्धक स्वस्तात मिळाला, तरी मुलांना तो उघडू देऊ नका. आत शेकडो व्होल्टचा दाब असतो, आणि बटण बंद करून वायर काढल्यावरही तो काही काळ साठून राहतो. त्या धक्क्याने जीव जाऊ शकतो. दुरुस्ती जाणत्या कारागिराकडूनच करून घ्या. आणि पुरेपूर चढवलेल्या ध्वनिवर्धकासमोर तासन् तास बसू देऊ नका. ज्या कानांनी नादाची जाती ओळखायची, तेच कान त्यात कायमचे मंदावतात.