शितावरून प्लाझ्माची परीक्षा

टोकामॅक, म्हणजे चुंबकीय क्षेत्राने प्लाझ्मा कोंडून ठेवणारे यंत्र; त्यातील प्लाझ्माची उष्णता भिंतीकडे किती वेगाने निसटते, याचा हिशेब संगणकावर मांडणे हे अणुसंमीलनावर काम करणाऱ्या संगणकीय भौतिकीतज्ज्ञांचे एक मोठे काम आहे. फ्रान्समध्ये कादाराश येथे उभारल्या जात असलेल्या ‘इटर’ या टोकामॅकमध्ये प्लाझ्माचे तापमान १५ कोटी अंश सेल्सिअसपर्यंत न्यायचे आहे. ती उष्णता धरून ठेवता आली नाही, तर बाकीचे यंत्र असून नसल्यासारखे. आणि ती निसटते मुख्यतः प्लाझ्मातील बारीक भोवऱ्यांमुळे, म्हणजेच संक्षोभामुळे.

हा हिशेब कणाकणाने होत नाही. इटरच्या चुंबकीय क्षेत्रात एक इलेक्ट्रॉन सेकंदाला सुमारे १५० अब्ज गिरक्या घेतो. म्हणून जायरोकायनेटिक पद्धतीत प्रत्येक गिरकी मोजत नाहीत. फिरणाऱ्या कणाऐवजी विद्युतभाराची एक कडी धरतात आणि ती कशी सरकते एवढेच पाहतात. तरीही गणित आवरत नाही. मग पुष्कळदा संपूर्ण प्लाझ्मा सोडून चुंबकीय रेषेभोवतीची एक अरुंद नळी घेतात, तिच्यातला संक्षोभ सोडवतात आणि त्यावरून त्या थरातून वाहणारी उष्णता ठरवतात.

ही शितावरून भाताची परीक्षाच आहे. तिच्यात गैर काही नाही. पण ती कुठे चालते आणि कुठे नाही, हे रांधणाऱ्याला ठाऊक असावे लागते. मधले शीत दाबले की मधल्या भाताचे कळते. भात तळाला लागला आहे का, कडेच्या दाण्यांत कणी राहिली आहे का, हे त्या शिताला विचारून उपयोग नाही. त्यासाठी भातवाढी तळापर्यंत घालावी लागते.

सॅन डिएगो येथील डीथ्री-डी टोकामॅकच्या बाबतीत हेच दिसले. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या तुलनेत ‘जायरो’ या कोडचे उत्तर त्रिज्येच्या निम्म्या अंतरावर प्रयोगाशी चांगले जुळले. पाऊण अंतरावर, कडेकडे, मात्र कोडची उष्णता प्रत्यक्षापेक्षा कितीतरी पट कमी भरली. पुढे दुसऱ्या कोडने तेच गणित केले, तेव्हा तूट बरीच आटली. शीत तेच, परीक्षक दोन, निकाल वेगळे.

म्हणून पडताळे दोन लागतात. कोड आपली समीकरणे बरोबर सोडवतो का, हा पहिला. ती समीकरणे खऱ्या प्लाझ्माची आहेत का, हा दुसरा. पहिल्यात उत्तीर्ण झालेला कोड दुसऱ्यात नापास होऊ शकतो. हे पुन्हा सांगायला हवे, कारण सुटते ते इथेच: दोन कोड एकमेकांशी जुळले म्हणजे ते प्रयोगाशी जुळले, असे होत नाही.

पहिल्या पडताळ्याची किंमत १९९६ साली कळली. टेक्सास विद्यापीठातील विल्यम डॉरलंड आणि माइक कोचेनरॉयटर यांनी, तेव्हाच्या आराखड्यातले इटर अपेक्षित शक्ती देणार नाही, असे गणित मांडले आणि वादळ उठले. मग ‘सायक्लोन’ प्रकल्पात निरनिराळे कोड एकाच प्रश्नावर बसवले गेले. २००० साली अँड्रिस डिमिट्स आणि सहकाऱ्यांनी निकाल छापला. संक्षोभातून आपोआप पट्टेदार प्रवाह निर्माण होतात आणि तेच संक्षोभाला आवर घालतात. आधीच्या प्रतिमानात ते फार लवकर विरत होते, त्यामुळे उष्णतेची गळती जास्त दिसत होती. तरीही त्या इशाऱ्याला खोटी हाकाटी म्हणणे अन्यायाचे ठरेल. त्याच्यामुळेच सर्वांना कोड तपासून पाहणे भाग पडले. आज नवा कोड लिहिला की पहिली परीक्षा सायक्लोनच्या नमुन्याची असते.

दुसरा पडताळा अधिक चिवट आहे. तापमानाचा उतार थोडा वाढला तरी उष्णतेचा प्रवाह भसकन वाढतो, आणि प्रयोगात मोजलेल्या उतारात चूक असतेच. त्या चुकीच्या मर्यादेत उत्तर किती हलते, हे पाहिल्याशिवाय ‘जुळले’ म्हणण्याला अर्थ नाही. गणितातली जाळी दुप्पट बारीक करून गणित पुन्हा चालवणे, उतार थोडा बदलून पुन्हा चालवणे, यातच संशोधकाचे महिने जातात. शोधनिबंधात त्याला एखादा परिच्छेद मिळतो. मुखपृष्ठावर मान असतो तो भोवऱ्यांच्या रंगीत चित्राला. चित्र सुंदर असते, पण तो पुरावा नव्हे, आणि नव्या विद्यार्थ्याला हे पहिल्याच वर्षी कोणीतरी ठामपणे सांगितले पाहिजे.

आयन आणि इलेक्ट्रॉन या दोन्हींचे भोवरे एकाच गणितात घेतले, तर काही ठिकाणची तूट भरून निघते, असे अमेरिकेतील अल्केटर सी-मॉड या टोकामॅकच्या बाबतीत दिसले आहे. अशा एकेका गणिताला एक कोटीहून अधिक प्रोसेसर-तास लागतात. तो स्वतंत्र विषय आहे.

भारतात गांधीनगरच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेत ‘आदित्य’ हा टोकामॅक १९८९ पासून चालत आला, आणि आता त्याचे सुधारित रूप ‘आदित्य-यू’ आहे. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील गटाने त्याच्या संक्षोभाची गणिते ‘जीटीसी’ कोडवर केली आहेत. यंत्र लहान असले, तरी देशातच आहे. मापन करणारा आणि गणित करणारा एका टेबलाशी बसून त्रुटींच्या मर्यादा आधी ठरवू शकतात, आणि प्रयोग संपल्यावर नव्हे, तर तो आखतानाच त्यांनी तसे बसायला हवे.