आंत्रपुच्छ काढल्यानंतरची शुश्रूषा



आंत्रपुच्छ, म्हणजे अपेंडिक्स, काढलेल्या रोग्यास हालूं देऊं नये, अशी आमच्या घरोघरीं समजूत आहे. आम्हींही ती चूक केली आहे. शिकागोचे डॉक्टर एमिल रीस यांनीं पोटाची शस्त्रक्रिया झालेल्यांस लवकर उठवावें असें १८९९ सालींच मांडलें होतें. तें पुष्कळ वर्षें फारसें कोणीं मनावर घेतलें नाहीं. पडून राहिल्यानें पायाच्या शिरांत रक्ताची गांठ होण्याचें व छातींत कफ सांठण्याचें भय असतें. म्हणून हल्लीं परिचारिका बहुधा त्याच किंवा दुसऱ्या दिवशीं रोग्यास उठविते: प्रथम कुशीवर वळविते, मग पाय खालीं सोडून बसविते, आणि घेरी येत नाहीं असें पाहून उभें करिते. टांके तुटतील या धास्तीनें रोगी खोकला दाबतो. त्यास पोटाशीं उशी धरून खोकावयास सांगावें. दुखत असल्यास औषध मागावें. येथें सोसण्यांत कांहीं पुण्य नाहीं. घरीं आल्यावर ताप चढला, जखमेंतून पू आला, पोट फुगलें किंवा ओकारी थांबेना, तर शेजारणीचा सल्ला विचारीत न बसतां रोग्यास त्याच दिवशीं रुग्णालयांत न्यावें.