मनोवैद्यांचा गौरव आणि आपले कर्तव्य
(शिर्डी येथील वार्षिक संमेलनात, विद्यार्थी गुणगौरव प्रसंगी केलेले भाषण)



आज परीक्षांत यश मिळविलेल्या आपल्या मुलामुलींच्या हाती पारितोषिके पडली. ह्या प्रसंगी चार शब्द बोलण्याची कार्यकारी मंडळाने आज्ञा केली, म्हणून मनाच्या रोगांवर उपचार करणाऱ्यांना जगाने कोणता मान दिला, हा विषय आम्ही घेतला आहे.

शल्यवैद्याचा गौरव करणे सोपे असते. बरा झालेला रोगी चारचौघांत त्याचे नाव घेतो. मनोवैद्याने बरा केलेला मनुष्य मात्र रस्त्यात भेटला तरी ओळख दाखवीत नाही. दुखणे उघड होईल आणि घरातील मुलीचे लग्न अडेल, ही धास्ती. ह्या शास्त्राच्या वाट्याला मानसन्मानही उशिरा आले. नोबेल पारितोषिके १९०१ पासून दिली जातात. मनोवैद्याला ते प्रथम मिळाले १९२७ साली, व्हिएन्नाच्या वाग्नर-यौरेग ह्यांना. फ्रॉइड ह्यांना ते कधीच लाभले नाही. उलट, मेंदूतील तंतू छेदण्याच्या ज्या शस्त्रक्रियेबद्दल पोर्तुगालच्या मोनिझ ह्यांना १९४९ चे नोबेल दिले गेले, ती पुढे वैद्यकाने टाकून दिली. पदक म्हणजे ब्रह्मवाक्य नव्हे, हे विद्यार्थ्यांनी ध्यानी ठेवावे.

तथापि काही सन्मान मनुष्यापेक्षा कार्याकडे बोट दाखवितात. १९५८ साली विनोबांना आणि १९८५ साली बाबा आमट्यांना लाभलेला मॅगसेसे पुरस्कार २०१८ साली मुंबईचे मनोवैद्य डॉ. भरत वाटवानी ह्यांना मिळाला. रस्त्याच्या कडेला नारळाच्या करवंटीने गटाराचे पाणी पिणारा एक तरुण ह्या डॉक्टरांच्या व त्यांच्या पत्नी डॉ. स्मिता ह्यांच्या दृष्टीस पडला. त्यांनी त्याला उपचारास नेले. शुद्धीवर येताच तो सुशिक्षित घरातील निघाला. त्यातूनच १९८८ मध्ये श्रद्धा पुनर्वसन संस्था उभी राहिली. रायगड जिल्ह्यातील कर्जत येथे (आपल्या जिल्ह्यातील कर्जत नव्हे) तिचे केंद्र आहे. भटक्या मनोरुग्णांना तेथे आणावयाचे, औषधपाणी करावयाचे, त्यांचे गाव शोधावयाचे आणि घरी पोहोचते करावयाचे, असा हा क्रम. हजारो माणसे अशी घरी परतली.

बंधुभगिनींनो, हे कार्य आपल्यापासून दूरचे नाही. आपले गाव तीर्थक्षेत्र. येथे देशभरातून माणसे येतात, आणि त्यांत कधी एखादा वाट व भान दोन्ही हरवलेला जीवही असतो. आपण त्याला पोळी देतो, नमस्कार करतो आणि पुढे जातो. दया खरी, पण ती अपुरी. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने अशा निराधार रुग्णाला संरक्षणात घेऊन चोवीस तासांच्या आत सरकारी आरोग्यसंस्थेत नेण्याचे कर्तव्य पोलिसांवर टाकले आहे. ठाण्यावर कळविणे एवढे तरी आपल्या हाती आहे. आपल्याच जिल्ह्यात शिंगवे येथे डॉ. राजेंद्र व डॉ. सुचेता धामणे हे दांपत्य निराधार मनोरुग्ण भगिनींना आश्रय देत आहे, हेही विसरू नये.

मंडळास आमची नम्र सूचना आहे. रोगातून उठलेल्याचा सत्कार ह्या व्यासपीठावर करू नये. त्याचे गुपित हा त्याचा हक्क आहे. परंतु आपल्या शिष्यवृत्तींपैकी एक, मानसशास्त्र किंवा रुग्णपरिचर्या शिकणाऱ्या विद्यार्थ्यासाठी राखावी. आणि वधूवर मेळाव्यात, औषधाने बरा झालेला मुलगा वा मुलगी म्हणजे वाया गेलेले स्थळ, ही समजूत आपण वडीलधाऱ्यांनीच प्रथम सोडावी. मनिलाच्या पदकाने जे साधले नाही ते आपल्या ओसरीवर साधेल. ज्या घरात दुखण्याला बाधा न म्हणता दुखणे म्हणतात, त्या घरातील रोगी रस्त्यावर येत नाही.