वाचनखोली आणि मैदान
(कुंभारी येथे वैद्यकीय विद्यार्थ्यांसमोर केलेल्या भाषणातून)



परीक्षा आली की सर्वप्रथम मैदान सुटते, हे आपण जाणताच. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृती दलाचा अहवाल २०२४ मध्ये आला. त्याच्या पाहणीत सुमारे २८ टक्के पदवी विद्यार्थ्यांनी आपणांस मानसिक आजार असल्याचे नोंदविले. निवासी डॉक्टरांनी आठवड्याला ७४ तासांहून अधिक काम करू नये, असेही त्याने सुचविले. ७४ तास ही मर्यादा म्हणून सुचवावी लागते, यातच काय ते आले!

ताण आला की शरीर धावण्याची वा झुंजण्याची सिद्धता करते. नाडी जलद होते, रक्तातील साखर वाढते. आपण मात्र खुर्चीतच! व्यायामाने ती शक्ती कारणी लागते, झोपही सुधारते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये प्रौढांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम सांगितला. म्हणजे दिवसाला जेमतेम बावीस मिनिटे.

औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी आपल्या संस्थानातील शाळांत सूर्यनमस्कार रुजविले. त्यास ना साहित्य लागते, ना वर्गणी. सतरंजीएवढी जागा पुरते. सोलापूरचा वैशाख ध्यानी घेता वेळ मात्र पहाटेचीच हवी. सायंकाळी खो-खो खेळलात तर अधिकच बरे. तेथे सोबती भेटतात.

परंतु ज्याला आठवडेच्या आठवडे झोप नाही, जगणे नकोसे वाटते, त्याला ‘दंड काढ’ असे सांगू नका. त्याला मनोविकारतज्ज्ञाकडे स्वतः घेऊन जा. रात्रीची वेळ असेल, तर शासनाची ‘टेली-मानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र उपलब्ध आहे.