जास्त आवाज म्हणजे जास्त काम नव्हे



गावोगावी आता ट्रॅक्टर आले. बैलजोड्या कमी झाल्या. पण बैल हाकणाऱ्या जुन्या माणसाला एक गोष्ट ठाऊक होती. गाडी रिकामी असली, की बैल निवांत चालू द्यावेत. चढ लागला, की जोर लावू द्यावा. उगीच आसूड ओढू नये. ट्रॅक्टरचेही तसेच आहे. ट्रॅक्टरचा आसूड म्हणजे रेस. ती केव्हा किती द्यावी, हे आज पाहू.

ट्रॅक्टरवर बसले, की समोर एक घड्याळ दिसते. हे घड्याळ वेळ सांगत नाही. इंजिन एका मिनिटात किती फेरे घेते, ते सांगते. या फेऱ्यांना आर.पी.एम. म्हणतात. बहुतेक घड्याळांत काटा १५ वर असला, की फेरे १५०० समजावेत. हाताची रेस जिथे ठेवाल, त्या बेताने इंजिन फिरत राहते.

पुष्कळ जण म्हणतात, "रेस जास्त, तर काम जास्त." मंडळी, तसं नाही. कामं तीन तऱ्हेची असतात.

पहिले हलके काम. रिकामी ट्रॉली न्यायची आहे, किंवा भुसभुशीत रानात पाळी घालायची आहे. इथे वरचा गिअर टाका आणि रेस कमी ठेवा. चाल तेवढीच राहते. इंजिन मात्र कमी फिरते. डिझेल वाचते.

दुसरे ओढीचे काम. म्हणजे नांगरट. इथे वरच्या गिअरमध्ये कमी रेस ठेवली, तर इंजिन दमते. घुरघुरते. काळा धूर सोडते. हा धूर म्हणजे पुरते न जळलेले डिझेल. तुमचाच पैसा तो! एक सोपी परीक्षा सांगतो. नांगर चालू असताना थोडी रेस वाढवून पाहा. इंजिनाने लगेच वेग घेतला, तर गिअर बरोबर आहे. वेग घेतला नाही, नुसता धूर आला, तर खालचा गिअर टाका.

तिसरे पी.टी.ओ.चे काम. ट्रॅक्टरच्या मागे फिरणारा दांडा असतो, तो पी.टी.ओ. त्यावर रोटाव्हेटर, मळणी यंत्र, गवत कापायचे यंत्र चालते. यांतली बहुतेक यंत्रे मिनिटाला ५४० फेऱ्यांसाठी बनवलेली असतात. पुष्कळ ट्रॅक्टरांच्या घड्याळावर ५४० ची खूण असते. काटा त्या खुणेवर ठेवा. रेस कमी पडली, तर गवत कापले जात नाही, फाटते. मळणी यंत्र तुंबते. रेस जास्त झाली, तर यंत्र खिळखिळे होते.

एका भाऊंनी मला विचारलं, "रोटाव्हेटर मारताना जमीन कडक लागली. मग रेस कमी करू का?" नको, भाऊ. रेस तशीच ठेवा. ट्रॅक्टर थांबवून खालचा गिअर टाका. चाल मंद होईल, पण पाती त्याच वेगाने फिरतील. ढेकळेही बारीक होतील.

आता सर्वांत महत्त्वाचे ऐका. मिनिटाला ५४० म्हणजे सेकंदाला ९ फेरे. तुम्ही "एक" म्हणेपर्यंत दांडा नऊ वेळा फिरतो. धोतराचा सोगा, पदर, ओढणी त्यात अडकली, तर हात मागे घ्यायलाही वेळ मिळत नाही. अशाने माणसांचे हात गेले आहेत, जीवही गेले आहेत. रेस कमी केली, म्हणजे दांडा थांबला असे नव्हे. काही अडकले, तर आधी पी.टी.ओ. सोडवा. इंजिन बंद करा. किल्ली खिशात घाला. दांडा पुरता थांबू द्या. मगच हात लावा. दांड्यावरचे झाकण काढून ठेवू नका. मुलांना जवळ येऊ देऊ नका.

मंडळी, तुम्ही आता वाचायला शिकला आहात. घरी गेल्यावर एवढे करा. ट्रॅक्टरच्या घड्याळावर ५४० ची खूण शोधा. खूण नसली, तर ट्रॅक्टरसोबत मिळालेल्या पुस्तिकेत पाहा. आकडा सापडला, की घरातल्या सगळ्यांना दाखवा. उद्या ट्रॅक्टर दुसऱ्या कुणाच्या हातात असेल, त्यालाही तो ठाऊक हवा.