गोठ्यातली जीप

आम्ही जोगेश्वरी पूर्वेच्या टेकडीवरच्या वस्तीतला बचत गट. आज पापड-लोणच्याचं नाही, एका लष्करी जीपचं बोलणार आहोत. अशी एखादी जुनी वस्तू तुमच्याही गोठ्यात ताडपत्रीखाली असेल, म्हणून ऐका.

गेल्या वर्षी शिर्डी, शिंगणापूर करून आम्ही नगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला गेलो. तिथं लष्कराचं रणगाड्यांचं संग्रहालय आहे, १९९४ साली सुरू झालेलं. जुने रणगाडे आणि चिलखती गाड्या मिळून पन्नासच्या आसपास वाहनं जपून ठेवलीत. १९६५च्या युद्धात पाकिस्तानकडून मिळवलेला पॅटन रणगाडाही आहे. असे पॅटन अब्दुल हमीद यांनी खेमकरणजवळ उडवले, तेही उघड्या जीपवर बसवलेल्या तोफेनं. त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळालं. हे ऐकून आमच्यातल्या एक ताई हळूच म्हणाल्या, "आमच्या मामंजींची जीपपण लष्करातलीच. गावी गोठ्यात पडलीय."

दोन महिन्यांनी त्याच ताई मीटिंगला आल्या त्या रडवेल्या होऊन. दिरांचा फोन आला होता. मामंजी वारले, आता जीप कोण सांभाळणार? रविवारी भंगारवाल्याचा टेंपो येणार, किलोच्या भावानं गाडी जाणार. ताईंच्या लेकीची नर्सिंगची फी भरायची होती, त्यामुळे घरधनीही 'विकून टाका' म्हणत होते.

आम्ही ताईंना तीनच प्रश्न विचारले. गाडीचे कागद कुठं आहेत? वारस कोण कोण? आणि सासूबाई काय म्हणतात?

सासूबाईंना कुणी विचारलंच नव्हतं! मृत्युपत्र नव्हतं. म्हणजे सासूबाई, दोन मुलगे आणि लेक, चौघांचा सारखा हक्क.

शनिवारी आमच्यातल्या दोघी ताईंबरोबर एसटीनं साताऱ्याकडे निघालो. सासूबाईंनी पत्र्याची ट्रंक उघडली. पिशवीत लष्कराच्या लिलावाची पावती होती आणि आरसी बुक होतं. मामंजी फौजेत ड्रायव्हर होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी लिलावातून ही जीप घेतली. सासूबाई म्हणाल्या, "दर दसऱ्याला तिला झेंडूची माळ मी घालते. विकताना मात्र मला विचारायचं नाही व्हय?"

जीपला पुढं डिझेल इंजिन बसवलं होतं, गावाकडे बऱ्याच जणांनी तसं केलं. पण मूळचं पेट्रोल इंजिन सासूबाईंनी पोत्याखाली झाकून ठेवलं होतं. भंगारवाला म्हणाला होता, "तेवढं फुकटात उचलून नेतो."

मैत्रिणींनो, त्या फुकटाची किंमत कळायला नियम माहीत हवा. २०२१ साली केंद्र सरकारनं जुन्या वाहनांसाठी वेगळी नोंदणी सुरू केली. दुचाकी किंवा चारचाकी ५० वर्षांहून जुनी हवी आणि मूळ रूपात जपलेली हवी, मोठे फेरबदल चालत नाहीत. नंबरात 'व्हीए' ही अक्षरं येतात. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, ती १० वर्षं चालते. पुढं नूतनीकरणाला ५,००० रुपये. मात्र अशी गाडी रोजच्या वापराला चालत नाही, धंद्यालाही नाही. वडाप विसरा. प्रदर्शनाला, रॅलीला किंवा पेट्रोल भरायला नेता येते.

जुन्या जीप हौसेनं जमवणारे लोक आहेत. ते बारीकसारीक खुणा बघतात. दुसऱ्या महायुद्धात फोर्ड कंपनीनं बनवलेल्या जीपच्या बोल्टवरसुद्धा इंग्रजी 'एफ' कोरलेलं असे. असा माणूस मूळ इंजिन आणि कागद आधी विचारतो. भंगाराच्या काट्यावर या दोन्हींचं वजन धरत नाहीत.

रविवारी टेंपो आला आणि रिकामा गेला. दीर चिडले. "मुंबईच्या बायका शिकवायला आल्या," म्हणाले. आम्ही ऐकून घेतलं. त्यांचंही खोटं नव्हतं, गोठा त्यांना म्हशीसाठी हवा होता आणि जीप सांभाळायची तर खर्च होणारच होता.

फीचं काम अडून चालणार नव्हतं. गटाच्या अंतर्गत कर्जातून ताईंना १५,००० रुपये दिले, दहा हप्त्यांत फेडायचे. घाईत विकायचं कारण तिथंच संपलं.

आता चौघा वारसांच्या सह्या झाल्यात. गाडी सासूबाईंच्या नावावर करायचा अर्ज, फॉर्म ३१, आरटीओत दिलाय. मूळ इंजिन परत बसवता येईल का, ते तालुक्याचा मेकॅनिक बघून सांगणार आहे. जीप ठेवायची की जाणकाराला विकायची, हे अजून ठरलेलं नाही. सासूबाई ठरवतील. दिरांनी म्हशीसाठी शेजारी पत्र्याची शेड घातलीय.

तुमच्या घरी जुनी गाडी, इंजिन, यंत्र काही असेल, तर टेंपो बोलावण्याआधी ट्रंक उघडा. कागद वाचा. आणि घरातल्या म्हातारीला विचारा, तिनं काय काय झाकून ठेवलंय.