वराहांतील सर्कोव्हायरस : प्रादुर्भावाची मोजणी, जनुकीय वैविध्य आणि जालना जिल्ह्याचे कर्तव्य



जालना जिल्ह्याच्या शेतीचा विषय निघाला की मोसंबी, कापूस, सोयाबीन आणि बियाणे-उद्योग यांची नावे प्रथम घेतली जातात. पशुधनाचा विषय गाय, म्हैस आणि शेळी यांच्यापाशी थांबतो, आणि वराहाची नोंद बहुधा मोकाट जनावरांविषयीच्या तक्रारींपुरतीच उरते. २०१९च्या विसाव्या पशुगणनेत देशात सुमारे ९० लाख ६० हजार वराह मोजले गेले. ही संख्या २०१२च्या तुलनेत १२ टक्क्यांनी घटलेली होती. त्यांपैकी एकट्या आसामात सुमारे २१ लाख होते, तर महाराष्ट्राचा वाटा दोन टक्क्यांच्या आसपासच राहिला. तरीही हा विषय या जिल्ह्यात आजच हाती घेणे आवश्यक आहे. २०२१-२२पासून सुधारित स्वरूपात राबवल्या जाणाऱ्या राष्ट्रीय पशुधन अभियानात वराह पैदास केंद्रासाठी ५० टक्के, कमाल ३० लाख रुपयांपर्यंत अनुदानाची तरतूद आहे. त्यामुळे आजवर गावाच्या कडेने मोकळे चरणारे जनावर बंदिस्त गोठ्यात, शेकड्याच्या संख्येने एकत्र येण्याचा मार्ग खुला झाला आहे, आणि अशा गोठ्यासाठी पैदाशीची जनावरे दूरवरून, दुसऱ्या राज्यांतूनही आणली जातात. जनावरांबरोबर त्यांचे विषाणूही प्रवास करतात, आणि त्या प्रवाशांत सर्कोव्हायरसाचे स्थान महत्त्वाचे आहे.

सर्कोव्हायरस हा सस्तन प्राण्यांना बाधणाऱ्या सर्वांत लहान विषाणूंपैकी एक असून त्याच्या कणाचा व्यास सुमारे १७ नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागाच्या अवघ्या सतरा पट एवढाच असतो. त्याचे जनुकद्रव्य एकपदरी डीएनएचे आणि वर्तुळाकार असते, आणि या वर्तुळावरूनच त्याला हे नाव मिळाले आहे. या विषाणूचा शोध १९७४ साली इल्झे टिशर व त्यांच्या सहकाऱ्यांनी बर्लिनमध्ये लावला. प्रयोगशाळांत वापरल्या जाणाऱ्या, डुकराच्या मूत्रपिंडापासून तयार झालेल्या पीके-१५ या पेशीमालिकेत तो आढळला होता, आणि हा पहिला प्रकार, पीसीव्ही-१ (पोर्साइन सर्कोव्हायरस-१), जनावराला आजारी करत नाही असे पुढे सिद्ध झाले. १९९१ साली मात्र कॅनडातील सस्कॅचेवान प्रांतात दूध तोडलेली पिल्ले खंगत जाऊन मरत असल्याचे दिसून आले आणि त्या दशकाच्या अखेरीपर्यंत या आजाराशी निगडित असा वेगळा प्रकार, पीसीव्ही-२, ओळखला गेला. २०१६ साली अमेरिकेतून पीसीव्ही-३ची, तर २०१९ साली चीनच्या हुनान प्रांतातून पीसीव्ही-४ची नोंद झाली. जर्मनीत जतन केलेल्या जुन्या ऊतींच्या तपासणीत पीसीव्ही-२ १९६२ सालच्या नमुन्यातही सापडला आहे. याचा अर्थ असा की रोग ओळखला जाण्यापूर्वी सुमारे तीन दशके हा विषाणू कळपांत वावरत होता.

विषाणूची उपस्थिती आणि रोगाची उपस्थिती यांतील हे अंतर हाच या विषयाचा गाभा होय. पीसीव्ही-२ जगातील जवळजवळ प्रत्येक वराहपालक देशात आढळतो, परंतु बाधा झालेल्या जनावरांपैकी बहुसंख्य जनावरे वरकरणी निरोगी राहतात; त्यांची वाढ थोडी मंदावते, खाद्य खाऊनही वजन अपेक्षेइतके वाढत नाही, आणि पालकाचे नुकसान नकळत होत राहते. ज्यांच्यात रोग उघड होतो ती बहुधा दोन ते चार महिन्यांची पिल्ले असतात. ती खंगतात, फिकी पडतात, त्यांना धाप लागते, हगवण होते, कधी कावीळ दिसते, आणि जांघेतील लसिका ग्रंथी, म्हणजे प्रतिकारपेशींची ठाणी, सुजतात. दुसऱ्या एका रूपात मागच्या पायांवर व पुठ्ठ्यांवर जांभळट-लाल चट्टे उठतात आणि मूत्रपिंडे सुजतात, तर गाभण मादीत उशिराचे गर्भपात, मृत जन्मलेली पिल्ले आणि वाळलेले गर्भ दिसतात. जांभळट चट्टे, गर्भपात आणि मरतूक ही लक्षणे क्लासिकल स्वाइन फीवरमध्येही दिसत असल्याने केवळ नजरेने केलेले निदान येथे हमखास चुकू शकते. शिवाय पीसीव्ही-२ प्रतिकारशक्ती खच्ची करतो आणि त्यामुळे स्वाइन फीवरच्या लसीचा परिणामही घटू शकतो, असे प्रयोगांतून दिसले आहे. म्हणून लस टोचूनही मरतूक थांबत नाही अशी तक्रार येते, तेव्हा लसीला किंवा पालकाला दोष देण्यापूर्वी या विषाणूची शक्यता तपासली पाहिजे.

तपासणीचा अर्थही नेमकेपणाने घेतला पाहिजे. पीसीआर, म्हणजे जनुकद्रव्याच्या अंशाच्या असंख्य प्रती काढून विषाणू ओळखण्याची पद्धत, फक्त विषाणू आहे एवढेच सांगते. रोगाचे निदान होण्यासाठी कळपातील लक्षणे, लसिका ग्रंथींतील सूक्ष्मदर्शीय बिघाड आणि त्या बिघडलेल्या जागीच विषाणूचे अस्तित्व, या तिन्ही गोष्टी एकत्र सिद्ध व्हाव्या लागतात. त्याचप्रमाणे रक्तजलातील प्रतिपिंडे केवळ बाधा किंवा लसीकरण होऊन गेल्याचे सांगतात. म्हणून प्रादुर्भावाची टक्केवारी छापताना ती प्रतिपिंडांची आहे, विषाणूची आहे की रोगाची, आणि जनावरांची आहे की कळपांची, हे स्पष्ट न केल्यास त्या आकड्याला अर्थ उरत नाही. आजारी पिल्लांच्या शवविच्छेदनातून काढलेली टक्केवारी ही जिल्ह्याची टक्केवारी मानता येत नाही. मोठ्या कळपात दहा टक्के जनावरे बाधित असतील, तर त्यांपैकी किमान एक ९५ टक्के खात्रीने सापडण्यासाठी २९ जनावरांचे यादृच्छिक, म्हणजे निवड न करता घेतलेले, नमुने लागतात. पाच टक्के बाधित असतील तर ५९ लागतात. पाच-सहा नमुने तपासून विषाणू नाही असा दाखला देणे म्हणूनच शास्त्राला धरून होत नाही.

जनुकीय वैविध्याचा प्रश्न याहून गहन आहे. डीएनए-विषाणू सहसा सावकाश बदलतात, परंतु पीसीव्ही-२मध्ये जनुकद्रव्याच्या प्रत्येक अक्षरस्थानी वर्षाला सुमारे हजारात एक या वेगाने बदल होतात, आणि हा वेग आरएनए-विषाणूंच्या जवळ जाणारा आहे. त्याच्या १,७६७ किंवा १,७६८ अक्षरांच्या जनुकद्रव्यात दोन जनुके प्रमुख आहेत. एक प्रतिकृती घडवते, तर दुसरे बाहेरचे कवच. प्रतिकारशक्तीचा सामना कवचाशी होत असल्याने बदल मुख्यतः तेथे साठतात आणि जनुकप्रकार ठरवण्यासाठीही कवचाचाच जनुकक्रम वापरला जातो. २०१८ साली मांडलेल्या वर्गीकरणानुसार पीसीव्ही-२चे ए ते एच असे आठ जनुकप्रकार मानले जातात. जगभर प्रथम ए प्रकार प्रबळ होता, २००३च्या सुमारास बी प्रकाराने त्याची जागा घेतली, आणि गेल्या दशकात डी प्रकार पुढे आला. भारतातही बी आणि डी हे दोन्ही प्रकार नोंदले गेले असून ईशान्येकडील राज्ये, केरळ आणि उत्तर भारत येथील अभ्यासांनी या नोंदींत मोलाची भर घातली आहे. २००४नंतर युरोपात आणि २००६नंतर अमेरिकेत आलेल्या लसी ए प्रकारावर आधारलेल्या होत्या. त्या इतर प्रकारांविरुद्धही बऱ्याच अंशी संरक्षण देतात, मात्र बाधा पूर्णपणे रोखत नाहीत. परिणामी, लसीकरण झालेल्या कळपातही विषाणू फिरत आणि बदलत राहतो. जनुकक्रमाचा आणखी एक उपयोग असा की दोन कळपांतील विषाणूंचे साम्य तपासून जनावरांची खरेदी-विक्री कोणत्या वाटेने झाली असावी याचा मागही काढता येतो.

या ज्ञानाचा जालना जिल्ह्याला उपयोग व्हायचा असेल, तर कामाची सुरुवात नव्या गोठ्यांची गर्दी होण्यापूर्वीच व्हावी लागेल, कारण आज घेतलेला पहिला आकडाच उद्याच्या तुलनेचा पाया ठरणार आहे. जालन्यापासून भोकरदनपर्यंत आणि अंबडपासून मंठ्यापर्यंत आठही तालुक्यांतील बंदिस्त कळपांची आणि मोकळ्या जनावरांची स्वतंत्र यादी व्हावी, नमुने त्या यादीतून यादृच्छिकपणे निवडले जावेत, आणि शेजारच्या परभणी येथील पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या सहकार्याने पीसीआर, ऊतितपासणी व जनुकक्रम या तिन्ही पायऱ्या पूर्ण व्हाव्यात. पालकांच्या पातळीवर फ्रान्सच्या फ्रांस्वा मादेक यांनी लस येण्यापूर्वीच मांडलेला वीस-कलमी कार्यक्रम आजही उपयुक्त आहे. त्याचे सार एवढेच की एका वयाची पिल्ले एकत्र आत घ्यावीत व एकत्र बाहेर काढावीत, वेगवेगळ्या वेतांतील पिल्लांची सरमिसळ टाळावी, गर्दी कमी ठेवावी, आणि दोन तुकड्यांच्या मध्ये गोठा धुऊन, निर्जंतुक करून काही दिवस रिकामा ठेवावा. या विषाणूला बाहेरचे मेदावरण नसल्याने अनेक नेहमीची जंतुनाशके त्याच्यावर निष्प्रभ ठरतात. सोडियम हायड्रॉक्साइड किंवा सोडियम हायपोक्लोराइट यांसारखी द्रव्ये मात्र, गोठा आधी घासून स्वच्छ केलेला असल्यास, परिणामकारक ठरतात. नवे जनावर आणल्यावर ते किमान तीस दिवस वेगळे ठेवावे, हा नियम प्रत्येक पालकाने पाळावा.

वराहपालन हे पिढ्यान्‌पिढ्या अशा कुटुंबांनी सांभाळले आहे, ज्यांच्या वाट्याला जमीन आली नाही आणि समाजाचा आदरही फारसा आला नाही. त्यांचे जनावर मेले तर त्याची चौकशी क्वचितच झाली, म्हणून त्यांच्या नुकसानीचा आकडाही कोठे उभा राहिला नाही. जागतिक पशुआरोग्य संघटनेच्या अधिसूचित रोगांच्या यादीत सर्कोव्हायरस नाही आणि माणसाला त्यापासून रोग होतो असा पुरावा नाही, म्हणून तो दुर्लक्षिला जाणे सोपे आहे. परंतु ज्या रोगाने गरिबाचे पिल्लू खंगते त्याची दखल घेणे हे पशुवैद्यकाच्या कर्तव्यात येतेच. जिल्ह्यातील प्रत्येक पशुवैद्यकाने यापुढे वराहाचे एकही संशयास्पद शव तपासणीविना पुरू देऊ नये, प्रत्येक पालकाने मरतूक लपवू नये, आणि प्रत्येक विद्यार्थ्याने आकडा मांडताना तो किती आणि कोणत्या जनावरांपैकी आहे हे लिहावे, असे आवाहन अध्यक्षपीठावरून सर्वांना करण्यात येत आहे.